मोटारसायकलचे हँडल घरी बदलण्यापूर्वी: नेमके काय वाकले आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात फुलेवाडीत राहणारे आणि रोज कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे एक गृहस्थ पावसात गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळ्याच्या पुढे, खडीवर घसरून डाव्या बाजूला पडले. त्यांची गाडी १५० सीसीची असून पुढे डिस्क ब्रेक, सिंगल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर पुढचे चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि वरच्या टीवर, म्हणजे पुढच्या दोन्ही नळ्यांना वरून जोडणाऱ्या आडव्या तुकड्यावर, दोन क्लॅम्पमध्ये धरलेले साधे पाईपचे हँडल आहे. पडल्यापासून गाडी सरळ चालवताना हँडल किंचित डावीकडे वळलेले दिसते. लांबच्या फेरीत पाठही दुखते, म्हणून त्याच खर्चात थोडे उंच हँडल बसवावे, असा त्यांचा विचार आहे. हे काम घरी करता येईल का आणि त्याबरोबर आणखी काय पाहावे, असे त्यांनी विचारले आहे.

हे काम घरी नक्की करता येते. मी शिवाजी उद्यमनगरात पंचवीसहून अधिक वर्षे दुचाकींचे काम करत आहे. माझ्या मते ज्याला चेन ताणता येते आणि मागचा ब्रेक जुळवता येतो, त्याला हँडल बदलणे अवघड जाऊ नये. मात्र आपण अजून नवे हँडल विकत घेतले नसेल, तर दोन दिवस थांबावे. पडलेल्या गाडीचे हँडल वाकडे दिसते, तेव्हा हँडलच वाकलेले असते असे नाही. माझ्याकडे ‘हँडल बदला’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचे हँडल ठणठणीत होते आणि पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्या वरच्या व खालच्या टींमध्ये पिळल्या गेल्या होत्या. अशा गाडीला नवे हँडल बसवले तर तेही पहिल्या दिवसापासून वाकडेच दिसते, आणि मालक दुकानदाराला दोष देत बसतो.

म्हणून पहिली तपासणी गाडी न उघडता करावी. सपाट फरशीवर गाडी मेन स्टँडवर घ्यावी. वरच्या टीच्या मधोमध जो मोठा नट असतो, त्याच्या मध्यापासून हँडलच्या दोन्ही टोकांपर्यंत न ताणणाऱ्या दोरीने अंतर मोजावे आणि दोन्ही टोकांची फरशीपासूनची उंचीही मोजावी. त्याआधी हँडल क्लॅम्पमध्ये बाजूला सरकलेले नाही, याची खात्री करून घ्यावी. पाईपच्या मध्यभागी पकड यावी म्हणून जो खरखरीत भाग केलेला असतो, तो दोन्ही क्लॅम्पच्या बाहेर सारखाच दिसला पाहिजे. मोजमापांत चार-पाच मिलिमीटरहून अधिक फरक आला, तर हँडल वाकले आहे असे समजावे. त्यानंतर एक-एक फुटाच्या दोन पोलादी पट्ट्या घ्याव्यात. एक पट्टी वरच्या टीच्या लगेच खाली दोन्ही नळ्यांना टेकवून आडवी धरावी आणि दुसरी खालच्या टीच्या लगेच खाली तशीच धरावी. हेडलाइट आड येत असेल तर ती काढून ठेवावी. आता समोरून, जरा वरून पाहावे. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या तर फोर्क सरळ आहे. एक पट्टी दुसरीला कातरीसारखी छेदताना दिसली, तर नळ्या पिळल्या गेल्या आहेत. पडताना गाडीचा भार हँडलच्या टोकावर किंवा चाकाच्या कडेवर येतो आणि टीचे बोल्ट नळ्यांना केवळ आवळून धरत असल्यामुळे त्या आतल्या आत किंचित फिरतात. यात धातू वाकलेला नसतो, फक्त जागा सोडलेली असते.

ही पीळ काढायला नवा भाग लागत नाही. इंजिनाखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक असा लावावा की पुढचे चाक जमिनीला जेमतेम टेकलेले राहील. नळ्या वरच्या टीच्या किती वर आहेत ते मार्करने नोंदवून ठेवावे, कारण बोल्ट सैल झाल्यावर नळी वर सरकू शकते. मग वरच्या टीचे बोल्ट, मधला मोठा नट, खालच्या टीचे बोल्ट आणि पुढचा ॲक्सल एवढे सगळे थोडे सैल करावे. पूर्ण काढू नये, अर्धा फेरा पुरतो. समोर उभे राहून चाक गुडघ्यांत घट्ट धरावे आणि हँडल हव्या त्या दिशेने हळूहळू फिरवावे. पट्ट्या समांतर आल्या की आधी खालची टी, मग मधला नट, मग वरची टी या क्रमाने आवळावे, फोर्क दोन-तीन वेळा दाबून मोकळा करावा आणि शेवटी ॲक्सल आवळावा. एवढे करूनही पट्ट्या समांतर येत नसतील, नळीवर बाक आलेला दिसत असेल किंवा फ्रेमवर हँडल अडवणारा जो ठोकर असतो तो चेपला वा तुटला असेल, तर पुढचे काम घरी करू नये. नळी सरळ आहे की नाही, हे लेथवर किंवा व्ही-ब्लॉकवर फिरवूनच कळते, आणि ती सोय उद्यमनगरात हाकेच्या अंतरावर आहे.

याच वेळी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते तो फ्रेममधला गोळ्यांचा सेट, पाहून घ्यावा. पुढचे चाक अधांतरी करावे, फोर्कचे खालचे टोक उजव्या हाताने धरून मागे-पुढे हलवावे आणि डाव्या हाताचे बोट वरच्या टी आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवावे. तिथे ‘टक’ असा सूक्ष्म धक्का जाणवला तर कोनसेट सैल आहे. नंतर हँडल एका बोटाने अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावे. सरळ रेषेच्या जागी ते खाचेत बसल्यासारखे अडत असेल, तर गोळ्यांनी रेसमध्ये, म्हणजे त्या ज्या कड्यांत फिरतात त्यांत, खड्डे पाडले आहेत आणि सेट बदलण्याला पर्याय नाही. तो कितीही आवळला वा सैल केला तरी खड्डा भरून येत नाही. आपल्या शहरात ही तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांचे इंजिन, ऑइल आणि कार्ब्युरेटर लोकांनी आठवड्याभरात साफ करून घेतले. कोनसेटकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. पंचगंगेचा बारीक गाळ ग्रीसमध्ये मिसळून तिथेच राहिला आणि पाच-सहा महिन्यांनी ‘हँडल जड झाले’ म्हणत त्या गाड्या परत आल्या. उघडल्यावर ग्रीसच्या जागी तांबूस मातीचा लेप निघायचा. आपली गाडी जुनी घेतलेली असेल, तर ती कोणत्या पेठेतून आली हे एकदा विचारून घ्यावे.

आता समजा तपासणीत हँडलच वाकलेले निघाले. मग ते सरळ करून घ्यावे का? आपल्याकडे प्रेसवर दाबून किंवा तापवून हँडल सरळ करून देणारे कारागीर आहेत आणि त्यांचा हात इतका साफ असतो की काम झाल्यावर वाकल्याची खूणही दिसत नाही. तरीही मी ते कधी सुचवत नाही. थंड पाईप एकदा वाकवून परत सरळ केला की तो त्या जागी कडक आणि ठिसूळ होतो, आणि तापवला तर त्याची मूळ ताकद किती उरली हे सांगता येत नाही. आतून पडलेली चीर वरच्या क्रोमखाली दिसत नाही. ॲल्युमिनियमच्या हँडलबाबत तर चर्चाही नको. हँडल तुटते तेव्हा ते गाडी उभी असताना तुटत नाही, खड्ड्यात आदळताना किंवा जोरात ब्रेक मारताना तुटते.

उंच हँडलाबद्दल आपला विचार समजण्यासारखा आहे, परंतु पाठीचे दुखणे नेहमी हँडलाच्या उंचीमुळेच असते असे नाही. अगदी ताठ बसल्यावर रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ कण्यात जातो, आणि महामार्गाच्या कामातली वळणे व सर्व्हिस रोडचे खड्डे पार करताना त्याचा चांगलाच अनुभव येतो. म्हणून आधी बिनखर्चाचा प्रयोग करावा. हँडल सरळ असेल तर क्लॅम्प सैल करून ते थोडे मागे कलवावे, लिव्हरचा कोन नव्याने जुळवावा आणि आठवडाभर चालवून पाहावे. पाच-सात अंशांचा फरकही मनगटाला आणि खांद्याला लगेच कळतो. मागच्या शॉकॲब्सॉर्बरची सेटिंग आणि टायरमधली हवाही याच आठवड्यात तपासावी. त्याने भागले नाही तर मूळ मापापेक्षा पंचवीस-तीस मिलिमीटर उंच हँडल घ्यावे. बहुतेक गाड्यांच्या केबली, वायरिंग आणि ब्रेकची नळी एवढी वाढ सहन करतात. त्यापुढे गेल्यास सगळ्या केबली आणि ब्रेकची नळी लांब घ्यावी लागते, आणि एबीएसच्या गाडीत ब्रेकची नळी बदलणे हे घरचे काम राहत नाही.

विकत घेताना जुने हँडल बरोबर न्यावे आणि क्लॅम्पच्या जागी पाईपची जाडी व्हर्नियरने मोजून घ्यावी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती २२ मिलिमीटर असते, बारकाईने सांगायचे तर २२.२, म्हणजे एका इंचाचे सात अष्टमांश. काही महागड्या गाड्यांत क्लॅम्पपाशी २८.६ मिलिमीटरचे जाड हँडल असते आणि मोठ्या क्रूझर गाड्यांत एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरचे. ‘पॅकिंग घालून बसेल’ असे कुणी म्हणाले तर त्या दुकानातून उठावे. दोन्ही टोकांना मुठीसाठी लागणारी सरळ लांबी पुरेशी आहे का ते पाहावे, कारण स्विच, लिव्हरचा क्लॅम्प आणि मूठ एवढे सगळे त्या सरळ भागातच बसायचे असते आणि वळणावर क्लॅम्प नीट आवळत नाही. मूळ हँडलाच्या टोकाला जी वजने असतात ती शोभेची नसतात. त्यांच्यामुळे कंप कमी होतो. म्हणून नव्या पाईपमध्ये ती बसवण्याची सोय असलीच पाहिजे, नाहीतर कागलला पोहोचेपर्यंत बोटांना मुंग्या येतील. पल्सर २२० सारख्या गाड्यांत हँडलाचे दोन वेगळे तुकडे थेट फोर्कच्या नळ्यांवर आवळलेले असतात. त्यांची पद्धत निराळी असल्यामुळे पुढचे वर्णन त्यांना जसेच्या तसे लागू पडणार नाही.

कायद्याची बाजू दोन वाक्यांत सांगतो. मूळ मापाचे हँडल बदलणे ही दुरुस्ती आहे. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, त्यामुळे हात खांद्याच्या वर जातील असल्या हँडलांच्या नादी लागू नये.

प्रत्यक्ष कामासाठी रविवारची सकाळ मोकळी ठेवावी. हत्यारे फार लागत नाहीत. १०, १२ आणि १४ चे रिंग पाने, ५ आणि ६ ची ॲलन की, चांगल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, गोल कानस, ड्रिल मशीन, थोडे ग्रीस आणि चिकटपट्टी एवढे पुरे. टाकीवर जुनी वाकळ दुहेरी घडी करून पसरावी. निसटलेला पाना टाकीला खोच पाडतो आणि ब्रेक ऑइलचा थेंब रंग उचलतो, म्हणून एक ओले फडकेही हाताशी असू द्यावे. स्विचच्या वायरी हाताळायच्या असल्यामुळे बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी. मग मोबाईलवर फोटो घ्यावेत. समोरून, वरून आणि दोन्ही बाजूंनी घ्यावेतच, पण प्रत्येक केबल कोणत्या कडीतून आणि टीच्या कोणत्या अंगाने जाते त्याचे जवळून घेतलेले फोटो विशेष महत्त्वाचे आहेत. याचे कारण पुढे येईल.

आधी आरसे काढावेत. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, हे ध्यानात नसेल तर माणूस जोर लावत बसतो आणि लिव्हरचा ब्रॅकेट मोडतो. त्यानंतर टोकाची वजने काढावीत. त्यांच्या स्क्रूला कारखान्यातच चिकटद्रव लावलेला असतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हर पक्का बसवून त्याच्या माथ्यावर हातोडीचा एक ठोका द्यावा आणि मग फिरवावे. डावी मूठ काढताना ब्लेड चालवू नये. तिच्या काठाखाली बारीक बोथट स्क्रू ड्रायव्हर सरकवून साबणाचे पाणी सोडावे आणि पिळत ओढावी. शेजारी पंक्चरचे दुकान असेल तर हवेच्या नळीचे टोक त्या फटीत धरताच मूठ फुगते आणि सरकन बाहेर येते. उजवी मूठ ॲक्सिलरेटरच्या प्लॅस्टिक नळीवर असते, ती नळीसकट तशीच ठेवावी.

पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हरपाशी ब्रेक ऑइलची डबी असलेला भाग, ही सर्वांत नाजूक जागा आहे. त्याच्या क्लॅम्पचे दोन बोल्ट काढले की तो नळीसकट सुटा होतो. नळी उघडायची नाही, तोंड वर राहील असा तो उभा ठेवायचा आणि नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. मी तो हेडलाइटजवळ दोरीने बांधून ठेवतो. तो उलटा झाला नाही आणि त्या अवस्थेत कुणी लिव्हर दाबला नाही, तर ब्रेकमध्ये हवा जात नाही आणि ब्लीडिंगची, म्हणजे ती हवा काढण्याची, गरज पडत नाही. घरात लहान मुले असतील तर त्यांना हे आधीच बजावून ठेवावे, कारण लोंबणारा लिव्हर दाबून पाहण्याचा मोह त्यांना आवरत नाही.

क्लच लिव्हरचा योक (लिव्हरला हँडलवर धरणारा तुकडा) आणि दोन्ही स्विच सुटे झाले की हँडलाचे चार बोल्ट काढून पाईप उचलावा. क्लॅम्पच्या खाचा चिंधीने पुसून कोरड्या कराव्यात. तिथे ग्रीस किंवा ऑइल लावू नये, कारण पकड घर्षणावरच अवलंबून असते. बोल्टच्या आट्यांतली माती ब्रशने काढावी आणि प्रत्येक बोल्ट आधी हातानेच पूर्ण फिरतो का ते पाहावे. टी ॲल्युमिनियमची असते. बोल्ट तिरका चढला तर आटे जातात, आणि मग चार बोल्टांचे काम टी काढून नवे आटे पाडण्यापर्यंत जाते.

स्विचच्या डब्यात आतून एक छोटी खुंटी असते आणि ती पाईपच्या छिद्रात बसते. नव्या हँडलाला हे छिद्र पुष्कळदा नसते. अशा वेळी खुंटी कापून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीत घाईच्या क्षणी हॉर्नऐवजी अख्खा डबाच हाताबरोबर फिरतो. छिद्रच पाडावे, पण अंदाजाने नव्हे. हँडल हलकेच बसवून, त्यावर बसून हाताला सोयीची जागा ठरवावी, खुंटीच्या टोकाला ओले कुंकू लावावे आणि डबा पाईपवर एकदाच टेकवून उचलावा. जो ठिपका उमटतो त्यावर सेंटर पंचची खूण करून आधी तीन मिलिमीटरचे आणि मग खुंटीच्या मापाचे छिद्र पाडावे, काठ कानशीने साफ करावेत आणि उघड्या धातूवर रंगाचा थेंब लावावा. छिद्र मुठीजवळ असावे. क्लॅम्पजवळ किंवा वळणावर ड्रिल लावू नये, कारण पाईपवर सगळा ताण तिथेच येतो.

हँडल बसवताना क्लॅम्पच्या वरच्या तुकड्यांवर ठिपक्याची किंवा बाणाची खूण शोधावी. बऱ्याच गाड्यांत ही खूण पुढच्या बाजूला ठेवायची असते, पुढचे दोन बोल्ट आधी पूर्ण आवळायचे असतात आणि मागचे नंतर, त्यामुळे सगळी फट मागच्या बाजूला राहते. काही गाड्यांत पुढची आणि मागची फट सारखी ठेवायची असते. गाडीबरोबरच्या पुस्तकात किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जे लिहिले असेल तेच खरे मानावे. ज्या क्लॅम्पला फट मागे हवी असते त्याचे चारही बोल्ट ‘सारखे दिसावे’ म्हणून समान आवळले, तर तो तुकडा अधांतरी ताणला जातो. उमेदवारीच्या काळात मी असा एक तुकडा ‘कट्’ आवाजासह तोडला आहे आणि त्याचे पैसे माझ्या आठवड्याच्या कमाईतून गेले.

आवळायचे किती, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. या ८ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर टॉर्क असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. टॉर्क पाना घरी नसेल, तर सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा वापरता येतो. बोल्टच्या मध्यापासून पान्यावर बरोबर २० सेंटिमीटरवर खूण करावी, तिथे काट्याचा हूक अडकवावा आणि पान्याशी काटकोनात ओढावे. काटा ११ किलो दाखवेल तेव्हा बोल्टवर सुमारे २२ न्यूटन-मीटर पडलेले असतात. एकदा हे करून पाहिले की कळते, आपण सवयीने किती जास्त आवळतो. मास्टर सिलिंडरच्या आणि योकच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना याच्या निम्म्याच्या आसपास पुरते. त्यांच्यावर मोठ्या पान्याचा जोर करू नये.

मास्टर सिलिंडरच्या क्लॅम्पवर ‘अप’ असे कोरलेले असेल तर ते वरच यावे आणि आधी वरचा बोल्ट आवळावा. लिव्हरचा कोन असा ठेवावा की गाडीवर बसून हात सरळ पुढे केल्यावर बोटे आपोआप लिव्हरवर पडतील, मनगट वर मोडावे लागणार नाही. नवी मूठ बसवताना पाईपला ग्रीस किंवा ऑइल लावण्याची चूक अनेकजण करतात आणि मग मूठ पावसात फिरते. पाईप स्पिरिटने पुसावा, मुठीचा चिकटद्रव लावावा आणि एका दमात सरकवावी. नवा जोड घेतला असेल तर उजवी आणि डावी मूठ आधी ओळखावी, कारण ॲक्सिलरेटरच्या नळीवर बसायची असल्यामुळे उजवीचे भोक मोठे असते. उजवी मूठ आणि टोकाचे वजन यांत एक-दोन मिलिमीटर फट राहिलीच पाहिजे. मूठ पूर्ण पिळून सोडली की ती स्वतःहून झटक्यात मागे यायला हवी.

आता त्या फोटोंचे कारण सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गाडीचे हँडल बदलले, सगळे छान आवळले, चालवून पाहिले आणि गाडी दिली. ॲक्सिलरेटरची केबल मात्र टीच्या उजव्या अंगाने न्यायची ती मी डाव्या अंगाने नेली होती. सरळ रस्त्यावर काहीच जाणवत नव्हते. तासाभराने ते गृहस्थ महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी वळवत होते, हँडल टोकापर्यंत वळले, केबल ताणली गेली आणि हाताने काही न करता रेस वाढली. क्लच दाबण्याचे भान त्यांना राहिले म्हणून गाडी एका हातगाडीपाशी थांबली. ते ओरडले नाहीत, गाडी ढकलत परत घेऊन आले आणि माझ्यासमोर हँडल नुसते वळवून दाखवले. तेव्हापासून हँडलाचे काम पट्टीवर नव्हे, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊनच पास करायचे, हा माझा नियम आहे.

ती तपासणी अशी करावी. बॅटरीची वायर परत जोडून गाडी न्यूट्रलमध्ये मेन स्टँडवर चालू ठेवावी आणि हँडल सावकाश पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्यावे. इंजिनाचा आवाज कुठेही बदलता कामा नये. बदलला तर केबलचा मार्ग चुकला आहे किंवा ती आखूड पडते आहे. प्रत्येक टोकाला ब्रेकची नळी ताणली किंवा पिळली जात नाही ना, वायरिंग फ्रेमच्या ठोकराशी चेपत नाही ना आणि केबल टाकीच्या व टीच्या मध्ये सापडत नाही ना, हे टॉर्चच्या उजेडात पाहावे. टोकाला असताना स्विच आणि टाकी यांत अंगठा सहज मावला पाहिजे. शेवटी हॉर्न, इंडिकेटर, डिपर, क्लच दाबल्यावर चालणारा स्टार्टर आणि पुढचा ब्रेक दाबल्यावर लागणारा मागचा दिवा हे सगळे एकदा हँडल सरळ असताना आणि एकदा दोन्ही टोकांना तपासावे.

एवढे उघडलेच आहे, तर क्लचची केबलही पाहून घ्यावी. लिव्हरमध्ये बसणाऱ्या निपलपाशी तारेचा एक जरी धागा तुटून वर आलेला दिसला, तर केबल बदलावी, कारण उरलेले धागे एखाद्या सिग्नलवरच साथ सोडतात. निपलला आणि लिव्हरच्या खिळ्याला ग्रीसचे बोट फिरवावे. बहुतेक गाड्यांत क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर आणि ॲक्सिलरेटरच्या मुठीच्या काठाला २ ते ६ मिलिमीटर मोकळा खेळ ठेवतात. उंच हँडलाने केबल थोडी ओढली जाते, त्यामुळे हा खेळ नव्याने जुळवावाच लागतो. क्लचचा खेळ शून्य राहिला तर प्लेटा घसरून जळतात.

ब्रेक ऑइल शेवटचे बदलून दोन वर्षे झाली असतील किंवा ते चहासारखे दिसत असेल, तर ते बदलावे. झाकणावर लिहिलेल्याच प्रतीचे, बहुधा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातले वापरावे. हे ऑइल हवेतले पाणी शोषते. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. गगनबावड्यापुढचा करूळचा घाट उतरताना सतत ब्रेक धरला की कॅलिपर तापतो, ऑइलला वाफ धरते आणि लिव्हर मऊ पडून मुठीला टेकतो. जुने ऑइल बदलताना मास्टर सिलिंडरच्या डबीतली पातळी खालच्या रेषेच्या खाली जाऊ दिली नाही, तर हे कामही घरी होते. पण चुकून हवा आत गेलीच आणि नेहमीच्या पद्धतीने लिव्हर कडक येईना, तर एबीएसच्या गाडीत फार प्रयोग करू नयेत. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) अडकलेली हवा काढायला काही गाड्यांत संगणकी उपकरण जोडावे लागते, आणि ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच मिळते.

पहिली फेरी गल्लीत, पायी चालण्याच्या वेगाने घ्यावी, मग मोकळ्या रस्त्यावर. गाडी अजूनही एका बाजूला ओढत असेल, तर मागच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहावे. पुढचे सगळे सरळ करून मागचे चाक तिरके ठेवलेल्या गाड्याही माझ्याकडे येतात. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर, म्हणजे आपल्या हिशेबात कागलच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर, हँडलाचे चारही बोल्ट त्याच काट्याने पुन्हा तपासावेत.

जुने वाकलेले हँडल भंगारात देण्यापूर्वी करवतीने मधोमध कापून दोन तुकडे करावेत. अखंड दिले तर कुणीतरी ते सरळ करून, काळा रंग मारून दुसऱ्याच्या गाडीला बसवण्याची शक्यता राहते.